पाळी बंद, पाळी चालू

५ जानेवारी, सोमवार

पहाटे परत पंख्यावरून झालं. मी दोन गोधड्या पांघरून, कानटोपी घालून पडलेला आणि डोक्यावर पंखा गरागरा. सूनबाईने लावलेला. मी उठून बंद केला. ती स्वयंपाकघरातून आली, डोक्यावरचा पदर सावरला, परत लावून गेली. कपाळावर घाम होता. जानेवारीत. मी परत बंद केला. नात पूनम अंथरुणातून म्हणाली, "तमे बे जण पहेलां नक्की करी लो ने. मने ऊंघवा दो." घरात अहिराणी बोलत जा म्हणतो, तर ही आमचं भांडण गुजरातीत सोडवते.

बी.पी.ची गोळी घेतली. नंतर आठवत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. घेतली.

डबा भरताना सं. फोनवर होती, अमळनेरच्या बहिणीशी. (सं. म्हणजे संगीता, सूनबाईच. पूर्ण नाव सारखं लिहायला संकोच वाटतो.) मी मुद्दाम ऐकत नव्हतो. कानावर आलं.

"मनी ते पाळी बंद व्हई गयी, ताई. वरीस व्हई गयं. सुटनू."

आणि हसली.

पाळी बंद. वर्ष झालं. मग ही रोज डबा घेऊन जाते कुठे?

६ जानेवारी, मंगळवार

जेवण गेलं नाही. सं. उधन्याला धागा कटिंगच्या खात्यात आहे (कारखान्याला इथे खातंच म्हणतात), साड्यांचे सुटलेले धागे कापायचं काम, सकाळची पाळी. मी उभा जन्म सुरतेत लूमवर काढला. पाळी बंद होणं म्हणजे काय ते मला सांगायला नको. आधी रात्रीची बंद करतात, मग दिवसाची, मग शेठ कुलूप लावतो आणि मशीनं भंगारात. पण पाळी गेल्यावर कोणी हसलेलं मी पाहिलं नाही. माणसं गावाकडच्या बसला जाऊन बसायची.

ही हसते. काहीतरी लपवते आहे.

आजही डबा घेऊन गेली. गॅलरीतून पाहिलं. रिक्षात बसली, नेहमीच्याच बायांबरोबर. त्या बायांचीही बंद झाली असेल काय? सगळ्या मिळून कुठे जातात?

किशोरला सांगावं असं वाटलं. पण पोरगा हजीऱ्याहून कंपनीच्या बसने येतो तो जेवता जेवता डुलक्या घेतो. त्याच्या ताटाजवळ बसून राहिलो. "काय आबा?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नही, जेव."

उद्या स्वतः जाऊन बघतो.

७ जानेवारी, बुधवार

गेलो. जायला नको होतं. का नको ते अजून कळलेलं नाही.

खातं चालू होतं. आत साड्यांचे ढीग, बाया रांगेत खाली बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात कातर. सं. कुठे दिसली नाही, मागे माल आणायला गेलेली असावी. मास्टर, म्हणजे मुकादम, उत्तरेकडचा, तरणा आहे. मी दारातूनच विचारलं. मशीनच्या आवाजात बोलायची सवय, आवाज मोठाच निघतो.

"मास्टर, आमच्या संगीताची पाळी बंद झाली म्हणतात. वर्ष झालं म्हणे. तिची पाळी परत चालू करून द्या."

तो म्हणाला, "चालू है काका, किसने बोला बंद है?"

"तीच म्हणाली."

मग एक बाई तोंडात पदर कोंबून खाली वाकली. दुसरीने तिला ढोसलं. मग सगळी रांगच. आपल्याकडच्याच बाया सगळ्या, शिरपूरकडची एक तर साडीवर पालथीच पडली. एक वयस्कर बाई तेवढी डोळे पुसत म्हणाली, "आबा, घर जा. ती पाळी मास्टरना हातमा नही शे."

तेवढ्यात सं. गठ्ठा घेऊन आली. मला पाहिलं, बायांना पाहिलं. गठ्ठा खाली ठेवला आणि तशीच मागे गेली.

मी परत आलो. कामावर तर आहे. मग बंद काय झालं?

८ जानेवारी, गुरुवार

सं. माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं, सरकवलं, गेली. रोज "आबा, जेवाले बठा" म्हणते, आज ताटाचाच आवाज.

पूनमला विचारलं, मम्मीला काय झालं. ती मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे बघत बसली.

"आबा, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"पाळी म्हणजे... आबा, खात्याची नाही. बायकांची. दर महिन्याची. ती वयानं बंद होते. मम्मीची झाली. म्हणून गरम होतं तिला, म्हणून पंखा. आता मला अजून काही विचारू नका, प्लीज."

हा शब्द मला माहीत नाही असं नाही. पण आमच्या घरात ही (पूनमची आजी) होती तेव्हा 'कावळा शिवला' म्हणायचे, 'अडचण' म्हणायचे. ती कधी सुरू झाली, कधी संपली, मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारायचंही नसतं. गुजरातीतही पाळी म्हणजे कारखान्याचीच. सुरतेत आल्यापासून पाळी म्हटलं की मला भोंगा ऐकू येतो.

म्हणजे मी काल खात्याच्या दारात उभा राहून, मास्टरला, मोठ्याने

नाही लिहीत.

गोळी घेतली.

९ जानेवारी, शुक्रवार

पहाटे ती उठायच्या आधी मीच पंखा लावून ठेवला. चारवर. तिने येऊन वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघरात गेली. पण निघताना गॅलरीतली माझी शाल आणून खाटेवर टाकली.

१० जानेवारी, शनिवार

शेजारच्या हंसाबेन आल्या होत्या. सोसायटीतल्या सगळ्या बायका ह्यांनाच विचारतात. घरात बरण्याच बरण्या, जवस भाजलेलं, तीळ, मेथी, सुंठ, काय काय. त्यांना सगळं कळलेलं होतं. मला बघून हसू आवरेना.

"काका, एमां शरमावानुं शुं? बधां बैरांने थाय." सगळ्याच बायांना होतं म्हणे. मग सांगू लागल्या. त्यांचंही असंच झालं होतं, अंगातून वाफा, झोप नाही, नवऱ्यावर खेकसायच्या. धणे-बडीशेप रात्री भिजवून सकाळी ते पाणी, भाजलेलं जवस चावून, आणि शतावरी दुधातून. त्याने आराम पडला म्हणतात. सं. ला पाणी आणि जवस त्या आधीपासून देतायतच. शतावरी तेवढी संपली.

"तमे नवरा छो. लई आवो ने."

नवरा म्हणजे गुजरातीत रिकामटेकडा. तरी दचकायला होतं.

गेलो. काहीतरी भरपाई व्हावी असं मनात होतं. ओसडियाचं दुकान, म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधी मिळतात तसलं, बाजाराच्या आतल्या बाजूला आहे. गर्दी होती. बायका पण होत्या. मी शतावरी मागितली. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

"कोना माटे, काका?"

आता काय सांगणार? सुनेसाठी? आणि का हवी, असं विचारलं तर? खात्यातल्या बाया डोळ्यासमोर आल्या. तोंडातून निघालं, "मारा माटे."

तो हसला, अगदी सलगीने. "तो एम बोलो ने." शतावरीचा डबा मागे सरकवला, दुसऱ्या डब्यातून काढलं, त्यात आणखी एका डब्यातलं घातलं, पुडी बांधली. "आ तमारा माटे बेस्ट."

पांढरट पावडर. वरच्या दर्जाची शतावरी असावी. घरी आणून सं. च्या बरणीत ओतली. ती म्हणाली, "लयन्यात का आबा? बरं व्हयनं."

बोलली.

१४ जानेवारी, बुधवार. उतराण

गच्चीवर सगळे. किशोरला सुट्टी, पतंगापेक्षा झोपला जास्त, टाकीच्या सावलीत. सं. ने तिळाचे लाडू केले, हंसाबेननी उंधियू पाठवलं. पूनम फिरकी धरून "काप्यो छे" करून घसा बसवून बसली.

सं. आज बरी दिसली. अंगातली वाफ कमी आहे म्हणाली, मला नाही, हंसाबेनना. मला ऐकू आलं. धण्याच्या पाण्याने असेल, शतावरीने असेल. लाडू देताना म्हणाली, "आबा, खातामा समद्या बाया तुमले इचारतस. आबा परत कवय येतीन म्हने."

मी म्हटलं, "कशाला?"

"मास्टरशी बोलाले." आणि पदराआड हसली.

उन्हात बरं वाटलं. कानटोपी काढली.

१८ जानेवारी, रविवार

काहीतरी बदललं आहे. सं. कंबर धरून चालते. सकाळी मोरीत बराच वेळ. चेहरा उतरलेला. मी विचारायचं नसतं. पूनमला विचारलं, तर "आबा, प्लीज."

दुपारी हंसाबेन आल्या. मी गॅलरीत, त्या दोघी स्वयंपाकघरात. दार आहे, पण हंसाबेनचा आवाज दाराला मानत नाही.

"पाछुं चालू थयुं? सारुं ने, गांडी. शतावरीए काम कर्युं. जुवानी पाछी आवी." (गांडी म्हणजे गुजरातीत वेडी.)

सं. पण हसली. "आलं ते बरं. अंगमानी गरमी निंघी जाई."

म्हणजे पाळी परत चालू झाली. म्हणजे मी आणलेल्या पुडीने. मला आधी बरं वाटलं, लिहायला लाज वाटते पण वाटलं. मग विचार करत बसलो. बंद झाली तेव्हा 'सुटले' म्हणून हसली. आता चालू झाली तर 'बरं झालं' म्हणून हसते. मग बरं कोणतं? आणि बरं असेल तर चेहरा का असा?

२० जानेवारी, मंगळवार



हंसाबेन स्वतःसाठी चमचाभर शतावरी मागायला आल्या. बरणी उघडली, वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली. "काका, आ शतावरी नथी."

मी म्हटलं, तीच दिली त्याने. त्या म्हणाल्या, शतावरीची चव अशी नसते.

तडक दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचं हसला. "फरक पड्यो ने, काका?" काय दिलंस म्हणून विचारलं. पांढरी मुसळी, त्यात गोखरू. पुरुषांसाठी. ह्या वयात ताकद येते म्हणाला. बाईने खाल्लं तर? त्याने हातातला डबा खाली ठेवला. "बैरांने तमे केम आपी?"

बाईला का दिलीत म्हणे. मी तसाच निघालो.

येताना रस्ता चुकलो. रोजचा रस्ता. पुरुषांची पावडर सुनेला पाजली आणि तिचं ते चालू झालं. माझ्यामुळे. माझ्या लाजेमुळे.

बरणी रिकामी केली, थोडी पावडर कागदात बांधून खिशात ठेवली. सं. विचारील तर संपली म्हणायचं ठरवलं. तिने विचारलं नाही. भिंतीला टेकून भाजी निवडत होती. निवडायचं थांबून मध्येच डोळे मिटायची.

२१ जानेवारी, बुधवार

माझ्या गोळ्या आणायच्या होत्याच. सरकारी दवाखान्यात गेलो. नवीन डॉक्टरीणबाई आहेत, पूनमपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. बी.पी. मोजलं, वाढलेलं. म्हणाल्या, टेन्शन काय आहे काका?

दार लोटलेलं होतं. आत त्या आणि मीच. पुडी काढून टेबलावर ठेवली. ह्याने बाई मरते का, असं विचारलं. त्यांनी पुडी हुंगली, काय आहे, कोणाला दिली, सगळं काढून घेतलं. मी खाली बघून सांगितलं. सुनेची पाळी बंद झाली होती, वर्ष होऊन गेलं. ही पावडर घेतली आणि परत चालू झाली.

त्यांनी पुडी बाजूला सारली. पुडीकडे परत पाहिलंच नाही.

"साल भर से ऊपर बंद थी? पक्का?"

"फोनवर तसंच म्हणाली."

"काका, फिर वो पाळी नहीं है. बंद होने के बाद जो आता है उसको पाळी मत बोलो. उनको दिखाने लाओ. इसी हफ्ते."

म्हटलं, शेजारणी म्हणतात जवानी परत आली. त्या हसल्या नाहीत. पावडरीने आलं असेल किंवा नसेल, ते बाहेरून सांगता येत नाही, आत बघावं लागतं. बहुतेक वेळा साधं काहीतरी निघतं. कधी कधी मोठं असतं, आणि ते लवकर सापडलं तर बरं होतं. धणे, जवस, तीळ चालेल, खाऊ देत. पण काढे-पुड्या दाखवेपर्यंत बंद.

मोठं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. त्यांनीही मी विचारायची वाट पाहिली असं वाटलं.

जिन्यात बसलो थोडा वेळ. इतके दिवस पाळी कशाला म्हणायचं ते मला कळत नव्हतं. आता कळलं तर म्हणे ती पाळीच नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

किशोरला सांगितलं. तो आंघोळ करून आला होता, केस ओले. म्हटलं, तिला दवाखान्यात ने. का विचारलं. मी म्हटलं, ते जे परत चालू झालं आहे ते चांगलं नाही.

तो माझ्याकडे असा पाहू लागला.

"आबा, तुम्हीन हाई बायकास्नं काय लई बठनात? खातामा जाईसन एक तमाशा कया, तो पुरे नही का?"

"डॉक्टरीणबाई म्हणाली."

"तुम्हीन डॉक्टरले पण सांगी उनात?" टॉवेल खांद्यावर टाकून आत गेला. आतून त्याचा आवाज, मग सं. चा. "काही नही व्हयनं माले." मग भांड्यांचा आवाज.

पूनमला सांगितलं. ती लगेच उठली, आईकडे गेली, तोंड पाडून परत आली. "मम्मी मानत नाही. लग्नसराईचा माल आहे म्हणते, सुट्टी घेतली तर दुसरी बाई बसवतील. आणि हंसा आंटी म्हणतात चांगलंच आहे."

हंसाबेनकडेही गेलो. "डॉक्टर तो डरावे, काका." पण मी ते वाक्य सांगितलं, बंद झाल्यावर येतं त्याला पाळी म्हणायचं नाही, तेव्हा त्या हातातली बरणी पुसता पुसता थांबल्या. "एवुं कह्युं?" मग बरणी फळीवर ठेवून दिली. जुवानीचं नाव काढलं नाही.

आता राहिलो मी.

२४ जानेवारी, शनिवार

सांगितलं. जसं झालं तसं लिहितो.

सं. कामावरून येऊन मेथी निवडत बसली होती. पूनम क्लासला. मी समोर खुर्चीवर न बसता खाली बसलो. ती सावरून बसली, पदर ओढला. मी मेथीची एक जुडी माझ्याकडे घेतली. हातात काही असलं की तोंडाकडे बघावं लागत नाही.

म्हटलं, मी लूमवर होतो तेव्हा तार, म्हणजे धागा, तुटला की मशीन आपोआप बंद पडायचं. तसंच बनवलेलं असतं. पण बंद पडलेलं मशीन आपोआप चालू झालेलं मी कधी पाहिलं नाही. खातं वर्षभर बंद आहे, कुलूप आहे आणि आत खडखड ऐकू आली, तर शेठ म्हणत नाही की बरं झालं, माल निघेल. तो कुलूप काढून आत बघतो.

ती काड्या तोडत राहिली. मग म्हणाली,

"आबा, हाई खातानं सांगी ऱ्हायनात का मनं?"

मी म्हटलं, "तुनं."

ती मेथीकडे बघत होती. कानाची पाळी लाल झाली. बघा, इथेही तोच शब्द.

मग पुडीचंही सांगून टाकलं. दुकानदाराने कोणासाठी विचारलं, मी माझ्यासाठी म्हणालो, त्याने पुरुषांची दिली, आणि तीच तू घेतलीस. आता शिव्या देईल म्हणून मान खाली घातली. आवाज आला नाही. वर पाहिलं तर खांदे हलत होते. रडते आहे असं वाटलं. हसत होती.

"मंग आते माले मिशा येतीन का, आबा?"

मलाही हसू आलं. दोघं मेथी धरून हसत बसलो. मग तिचं हसता हसता थांबलं आणि डोळ्यांत पाणी होतंच.

"माले भ्याव वाटस," म्हणाली. "कपडा दखीसन वाटस. हंसाबेन बरं म्हनतस ना, म्हनीसन मी बी म्हनस."

मी म्हटलं, जाऊ. मी येतो.

"तुम्हीन?"

"बाहेर बसेन."

२७ जानेवारी, मंगळवार

मोठ्या दवाखान्यात. शेवटी किशोरने रजा टाकली. काल तिने त्याला काय सांगितलं माहीत नाही, सकाळी तोच सगळ्यांच्या आधी बूट घालून उभा. माझ्याशी बोलला नाही, पण रिक्षात मला कडेची जागा दिली.

बाकावर चौघं. आजूबाजूला सगळ्या बायकाच, बरोबर आलेले पुरुष बाहेर टपरीवर. नर्स आली आणि उभ्या उभ्याच विचारू लागली. किती मुलं, काही आजार, छेल्लुं मासिक क्यारे, म्हणजे शेवटची पाळी कधी. सं. ने माझ्याकडे पाहिलं, किशोरकडे पाहिलं, आणि मान खाली. सासरा आणि नवरा दोघं समोर बसलेले, ती काय बोलणार? किशोर पूनमकडे बघायला लागला.

मीच म्हणालो, "मागच्या उतराणच्या आधी बंद झालं. ह्या उतराणनंतर परत आलं. ते पाळी नाही."

मोठ्यानेच निघालं. बाकावरच्या बायका बघायला लागल्या. ह्या वेळी कोणी हसलं नाही. नर्सने मान डोलावली, लिहून घेतलं आणि सं. ला आत नेलं.

किशोर म्हणाला, "आबा, तुमले माहीत व्हतं?"

"फोनवर ऐकलं होतं."

सोनोग्राफी झाली. आतलं अस्तर जाड दिसतं म्हणतात. अस्तर ब्लाउजला असतं एवढंच मला माहीत. त्यातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. जाड अस्तर म्हणजे वाईटच असं नाही, रिपोर्ट आल्यावर बोलू, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पुडीमुळे झालं का, ते किशोरने विचारलं. त्या म्हणाल्या, आत्ता सांगता येत नाही. म्हणजे ह्यात माझा दोष किती ते अजून कळलेलं नाही.

येताना सं. पूनमच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. घरी आल्यावर मी पंखा लावला. ती म्हणाली, "नको आबा, आज थंडी वाजी ऱ्हायनी." बंद केला.

३० जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट नाही. किशोर हजीऱ्याहून फोन करून विचारतो, तेच उत्तर.

हंसाबेन धण्याचं पाणी घेऊन आल्या, दारातच उभ्या. "काका, में तो सारा माटे ज कह्युं हतुं." मी म्हटलं, चांगल्यासाठीच म्हणालात, माहीत आहे, आत या. सं. ने त्यांना बसवलं, दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. हंसाबेन आज हळू बोलत होत्या. दारातून काहीच ऐकू आलं नाही.

पुडी अजून माझ्या खिशात आहे. टाकायला धजत नाही, डॉक्टरांनी परत मागितली तर.

गोळी घेतली की नाही? दोनदा घेतली बहुतेक.

२ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट नाही आला. उद्या म्हणतात, परवाही म्हणतात.

पहाटे जाग आली तेव्हा पंखा चालू होता, तीनवर. तिनेच लावला असेल, की मीच झोपेत उठून लावला, आठवेना. बंद केला नाही. गोधडी डोक्यावरून घेतली.

सकाळी मी कानटोपी शोधत होतो. सं. दारात उभी राहून म्हणाली, "आबा, मी पाळीवर जाई ऱ्हायनू."

कोणती, ते क्षणभर कळेचना. मग तिच्या हातात डबा दिसला. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि आतून कोणीतरी बाई ओरडत होती, "चाल वो संगीता, मास्टर वाट पाही ऱ्हायना."